ऐरावताचे पाय

“खरं सांगा म्हाराज, ह्याचा बाप कोन?”

रंगराव वस्ताद मठाच्या अंगणात शिरले ते हा प्रश्न घेऊनच. नमस्कार नाही, ख्यालीखुशाली नाही.

सोमगिरी महाराज ओसरीवर तांदूळ निवडत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

“कुणाचा बाप?”

“ह्या कुत्र्याचा. रक्त खोटं निघालं ह्याचं. तुमच्याच मठातलं हाय, म्हून इचारतोय.”

मागं टेम्पो उभा होता. टेम्पोवाल्यानं आणि मी मिळून कुत्रं उचललं आणि ओसरीसमोर गोणपाटावर आणून ठेवलं. मातकट रंग, काळं तोंड, डोकं म्हणजे पाटाएवढं. दहा महिन्यांचं पिल्लूच ते, पण कुणाला सांगून पटलं नसतं. नाव ऐरावत. एवढं नाव हाकेला झेपत नाही म्हणून वस्तादांच्या घरची मंडळी त्याला ऐऱ्या म्हणत.

ठेवलं तसं ते पडून राहिलं. शेपूट मात्र हलत होतं. जन्म ह्याच अंगणातला, त्यामुळं वास ओळखीचा असणार.

आमचा मठ दत्ताचा, नदीच्या वळणावर. दत्ताच्या पायाशी कुत्री असतात तशी आमच्या इथंही आहेत, फक्त जरा जास्तच मोठी आहेत. कुणा साहेबानं मागं टाकून दिलेली विलायती कुत्री आणि धनगरवाड्यावरचा कुत्रा, अशी त्यांची वंशावळ सांगतात. उसात बिबटे फिरायला लागल्यापासून ह्या पिल्लांना मागणी फार. महाराज पिल्लं विकत नाहीत, नुसती देतात. देताना चार गोष्टी सांगतात. घेणारा मान डोलावतो आणि घरी जाऊन विसरतो.

वस्ताद विसरले नव्हते. त्यांना त्या पटल्याच नव्हत्या.

पिल्लू न्यायला आले तेव्हा मी तिथंच होतो.

“थोडं भुकेलंच ठेव,” महाराज म्हणाले होते. “बरगडी हाताला लागली पाहिजे, डोळ्याला दिसता कामा नये. डांबरी रस्त्यावर पळवू नकोस. मातीत खेळेल तेवढं खेळू दे, बसलं की बसू दे. आणि वर्षाचं होईपर्यंत पायऱ्या चढवायच्या नाहीत.”

ही पायऱ्यांची रीत आमच्या मठाची जुनी. नदीवर न्यायचं तर घाट उतरावा लागतो, आणि आमची पिल्लं वर्षभर घाट स्वतः उतरत नाहीत. उचलून न्यायची, उचलून आणायची. सहा महिन्यांचं पिल्लू म्हणजे भरलेलं पोतं. ते छातीशी धरून आम्ही पायऱ्या चढायला लागलो की नदीवर धुणं धुणाऱ्या बाया पदर तोंडाला लावून हसतात. आम्हालाही हसू येतं, पण रीत मोडत नाही.

वस्तादही हसले होते.

“वाघ कडंवर घिऊन फिरायचं व्हय? म्हाराज, बाकी कायबी सांगा, हाडाचं मला सांगू नका. हाड मेहनतीनं घडतं आन् खुराकानं भरतं. उभा जन्म गेला माझा आखाड्यात.”

“माणसाचंही?” महाराजांनी विचारलं होतं.

“मानसाचं तर आधी.”

 महाराजांनी पिल्लू तेवढं दिलं.

मग वस्तादांनी कुत्रं वाढवलं ते पैलवान वाढवतात तसं. सकाळी निरसं दूध, त्यात तूप. दुपारी अंडी. संध्याकाळी मटणाचा रस्सा, आणि वर बदाम घोटून थंडाई. हाडं भरावीत म्हणून औषधाच्या दुकानातली पांढरी पावडर, चमच्याचा हिशेब न ठेवता. चार महिन्यांचं झालं तसं मोटारसायकलीमागं डांबरी रस्त्यावर पळवायला सुरुवात. पुढं गळ्यात दोर अडकवून टायर ओढायला लावलं. तालमीच्या कट्ट्यावरून खाली कुस्तीच्या मातीच्या हौद्यात उडी, परत वर, परत उडी.

कुत्रं वाढलं. वासरासारखं दिसायला लागलं. लोक तालमीत कुस्ती बघायला यायचे ते कुत्रं बघून परत जायचे. दृष्ट लागेल म्हणून वस्तादांनी त्याच्या पायात काळा दोरा बांधला.

प्रेमात कसूर नव्हती, हे मला मुद्दाम सांगायचंय. त्या काळात वस्ताद स्वतः कोरा चहा प्यायला लागले होते. आमच्यातले काहीजण त्यांना नंतर नावं ठेवायचे, ते मला आवडायचं नाही.

आठव्या महिन्यात कुत्रं सकाळी उशिरा उठायला लागलं. वस्तादांना वाटलं, आळस. त्यांनी मेहनत वाढवली.

दहाव्या महिन्यात उठेनासं झालं.

“डाक्टरनं फोटो काढला,” वस्ताद अंगणात उभ्यानंच सांगत होते. “मागच्या खुब्याची वाटीच उथळ झालीय म्हनं. गोळा आत बसत न्हाई. फुडलं पाय बघा, कसं वाकल्यात. म्हनाला, वजन आधी आलं आन् हाड मागनं आलं. आता माघारी घडायचं न्हाई. औषध दिलंय, पर ते दुखन्यापुरतं.”

“बरोबर म्हणाला,” महाराज म्हणाले.

“बरोबर कसं? मी काय कमी केलं? ह्याच्या तोंडात घातलं तेवढं पोटच्या पोराला कुनी घालत न्हाई. चांगल्या रक्ताचं असतं तर आज त्यानं वाघ फाडला असता. म्हून इचारतोय... बाप कोन ह्याचा?”

महाराजांनी सूप बाजूला ठेवलं.

“जाईचा जो, तोच.”

जाई म्हणजे ऐरावताची पाठची बहीण. एकाच वेताची. पिल्लं वाटताना ती मठातच राहिली होती. आपलं नाव ऐकून ती ओसरीमागून आली. अंगानं सडपातळ, भावाच्या निम्मी वाटावी अशी.

वस्तादांनी तिला खालवर पाहिलं.

“ही? हिला तर उपाशी ठिवलीय तुम्ही.”

“थोडी.”

“ह्यात काय दम असनार?”



जाई भावाजवळ गेली. त्याचं तोंड हुंगलं, कान हुंगले, मग पुढचे पाय पसरून छाती जमिनीला टेकवली आणि मागचं अंग उभंच ठेवलं. कुत्री खेळायला बोलावतात तशी.

ऐरावतानं कान उभारले. पुढचे वाकडे पाय रोवले आणि छाती उचलली. मागचा भाग उठला नाही. त्यानं पुन्हा जोर केला. नखं गोणपाटाबाहेरच्या फरशीवर घसरली आणि तो एका कुशीवर पडला. मग जसं काही झालंच नाही, तसा तो आपला पाय चाटत बसला.

जाई थोडा वेळ तशीच थांबली. मग त्याच्याजवळ जाऊन बसली.

 टेम्पोवाला बिडी पेटवायच्या निमित्तानं तिकडं वळला. वस्ताद नदीकडं बघत होते.

महाराज उठले. म्हातारा माणूस, ओसरीची एकच पायरी उतरायलाही त्यांना खांब धरावा लागतो. खाली येऊन ते ओसरीच्या कडेला टेकले आणि वस्तादांना हातानं शेजारी बसवलं. मला वाटलं, आता कुत्र्याच्या पायाला हात लावतील, काही झाडपाला सांगतील.

त्यांनी हात वस्तादांच्या गुडघ्यावर ठेवला.

“हा कधी गेला?”

वस्ताद दचकले. ते लंगडत चालत, हे साऱ्या तालुक्याला माहीत होतं. पण तोंडावर कुणी विचारत नसे. वस्तादाला कोण विचारणार?

“ते जुनं हाय म्हाराज.”

“कधी?”

“...बाविसाव्या वर्षी. कुस्त्यांचं मैदान हुतं. समोरच्यानं हात लावायच्या आधीच गुडघा दुमडला. मी आपला मातीत. लोक हसली. मग वरसाच्या आत दुसराबी गेला.”

“का गेले?”

“हाडच कच्चं माझं.”

“कोण म्हणालं?”

“वडील म्हनायचं.”

“काय म्हणायचे?”

“म्हनायचं, आमच्या भावकीत असलं हाड न्हाई. हे हिच्या म्हायेरचं आलंय. रक्तच खोटं, त्याला मी तरी काय...”

वस्ताद थांबले.

 महाराजांनी हात गुडघ्यावरून काढला नाही.

अंगणात पिंपळाची पानं तेवढी वाजत होती...

“आई परत कधी म्हायेरला गेली न्हाई,” वस्ताद म्हणाले. “कुठल्या तोंडानं जाऊ, म्हनायची.”

“बैठका कधी सुरू केल्या होत्यास?”

“दुधाचं दात पडायच्या आधी.”

“खुराक?”

“घरात दोन म्हशी हुत्या. दूध सगळं मला. थोरल्या भनी कोरा च्या प्यायच्या. सगळं दिलं म्हाराज. सवताच्या तोंडचं काढून दिलं त्यांनी. माझा बाप वाईट न्हवता.”

“नव्हता.”

“मीबी ह्याचं वाईट चिंतलं न्हाई.”

“नाही चिंतलंस.”

“मग?”

“भिंती ओल्या असताना छपराचं आढं चढवलं,” महाराज म्हणाले. “आढं सागवानी होतं. आढ्यात खोट नव्हती.”

वस्तादांनी खांद्यावरच्या टॉवेलानं तोंड पुसलं. एवढा मोठा माणूस ओसरीच्या कडेला पाय सोडून बसला होता आणि मला त्यांची दया येत होती. रागही येत होता, तो कुणाचा ते कळत नव्हतं. त्यांच्या वडिलांना तर मी पाहिलंही नाही.

पण माणसाचा स्वभाव मोठा चिवट असतो. रडून झालं की तो परत हिशेबाला बसतो.

“चुकलं म्हाराज,” वस्ताद म्हणाले. “कबूल. रक्ताचा काय दोष न्हाई. पर आता ह्याचं काय हुनार? ह्याला बरं करता?”

“मला येत नाही.”

“अंगारा तरी द्या.”

“अंगारा हाडाला लागत नाही.”

“मग ह्याला ठिवून घ्या हितं. तुमच्यापाशी नीट ऱ्हाईल. आन् मला दुसरं द्या. ह्या बारीला तुमी म्हनशीला तसंच वाढवतो. भुकेलं ठिवतो. कडंवर घेतो. लोक हसली तर हसू द्या.”

मला वाटलं, महाराज आता चिडतील. निदान नाही तरी म्हणतील.

“ठेव,” महाराज म्हणाले. “जागा आहे.”

आणि मला म्हणाले, “लक्ष्मीचं एक पिल्लू आण.”

गोठ्याच्या कोपऱ्यात लक्ष्मी कुत्रीची पिल्लं होती, नुकतीच आईच्या दुधावरून सुटलेली. मी त्यातलं एक उचलून आणलं. महाराजांनी ते स्वतःच्या हातांनी वस्तादांच्या ओंजळीत ठेवलं.

वस्तादांनी लगेच तळवा त्याच्या कुशीवरून फिरवला. सावकाश, दोनदा.

“बरगडी हाताला लागती,” ते म्हणाले.

“लागते.”

“डोळ्याला दिसत न्हाई.”

“हं.”

“हे ध्यानात ठिवतो.”

आणि ते खरंच शिकले होते. त्यांनी पिल्लू धरलं होतं तेही नीट, एक हात छातीखाली, एक मागच्या पायांखाली. लोंबकळू दिलं नाही. मी मनात म्हटलं, चला, एकाचं वाटोळं झालं पण दुसऱ्याचं भलं होईल. जगात बहुतेक शहाणपण असंच येतं.

वस्तादांनी महाराजांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि पिल्लू घेऊन टेम्पोकडं निघाले.

मागं खरखर आवाज आला.

ऐरावत निघाला होता. पुढच्या दोन पायांवर अंग ओढत, मागचे पाय फरशीवरून फरपटत. हाक नाही, भुंकणं नाही. मालक चालला, म्हणून तोही चालला होता. दोन हात सरकायचा, थांबायचा, धापा टाकायचा, परत सरकायचा. जाई त्याच्या बाजूनं चालत होती.

वस्तादांनी आवाज ऐकला. ते जागच्या जागी थांबले.

वळले नाहीत.

“टेम्पो चालू कर,” ते टेम्पोवाल्याला म्हणाले. टेम्पोवाला हलला नाही.

“रंगराव,” महाराज ओसरीवरूनच म्हणाले. “त्याला सांगून जा.”

“नगं म्हाराज.”

“का?”

“बघवत न्हाई.”

“घरी काय करत होतास?”

“मागं शेडात बांधलं हुतं. भाकरी दुसऱ्याकडनं धाडायचो.” त्यांची पाठ आमच्याकडं होती. रुंद पाठ, पैलवानाची. ती हलत होती. “रातचं इवळायचं. मी रेडिओ लावायचो.”

ऐरावत आणखी थोडा सरकला.

“तुझे गुडघे गेल्यावर,” महाराजांनी विचारलं, “वडील काय म्हणाले?”

“काय म्हनत्यात? बोलनंच सोडलं.”

“एका घरात?”

“एका घरात. मी वरीसभर खाटंवर. आई माझं सगळं करायची. ते तालमीतनं आलं की हातपाय धुवायचं आन् जेवायला बसायचं. भिताडाकडं त्वांड करून. आई म्हनायची, अवो पोराकडं एकदा बघा तरी. मरस्तवर बघितलं न्हाई म्हाराज. मरस्तवर माझ्याकडं पाठ करून...”



टेम्पोवाल्यानं बिडी खाली टाकून पायानं विझवली. 

वस्ताद हळूहळू वळले.

ऐरावत त्यांच्यापासून हातभर अंतरावर पोचला होता. हनुवटी फरशीला टेकली होती, डोळे वर लागले होते. वस्ताद वळलेले दिसताच त्याचं शेपूट जमिनीवर आपटायला लागलं.

वस्तादांनी पिल्लू माझ्या हातात दिलं.

त्यांना खाली बसायला वेळ लागला. गुडघे वाकत नव्हते. एक हात फरशीवर टेकून ते आधी एका कुशीवर झाले, मग कसेबसे मांडी पसरून बसले. ऐरावताचं डोकं उचलून त्यांनी मांडीवर घेतलं. वाकडे पाय एकेक करून सरळ केले, जेवढे होतील तेवढे. मागच्या पायांची साल फरशीनं निघाली होती. तिथं टॉवेल लावला.

आणि ते त्याच्याकडं बघत राहिले.

पुष्कळ वेळ बघत राहिले. कुत्रंही बघत होतं. मी पिल्लू परत लक्ष्मीजवळ ठेवून आलो, तरी ते तसेच होते. कुणी न्यायला सांगितलं नव्हतं. मला आपलं वाटलं, ते आता लागणार नाही.

महाराजांनी सूप पुन्हा मांडीवर ओढलं होतं, पण हात तांदळात तसाच थांबला होता.

“म्हाराज,” वस्तादांनी मान वर न करता विचारलं. आवाज एकदम लहान झाला होता. “एवढा जीव लावला त्यांनी मला... मग एकदाबी का बघितलं नसंल?”

महाराजांनी तांदळातला हात बाहेर काढला.

“त्यांनाही बघवलं नसेल.”